जीपीएलला ‘विषाणू’ म्हणण्याआधी

सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपवर अधूनमधून एक मजकूर फिरतो: ‘जीपीएल हा विषाणू आहे. एक ओळ घेतली की कंपनीचा सगळा कोड जगाला फुकट द्यावा लागतो. खरं स्वातंत्र्य एमआयटी-बीएसडीत. जीपीएलवर धंदा होत नाही.’ ही तिन्ही नावं परवान्यांची: दुसऱ्याचा कोड कुठल्या अटींवर वापरायचा, बदलायचा, वाटायचा ते परवाना सांगतो. जीपीएलची अट अशी की तिचा कोड असलेला प्रोग्रॅम वाटलात तर त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, त्याच परवान्याखाली द्यायचा; अशा अटीला कॉपीलेफ्ट म्हणतात. एमआयटी-बीएसडीत ही अट नाही. नवीन नोकरीला लागलेली मुलं तो मजकूर खरा मानून चालतात, म्हणून एकेक वाक्य घेतो.

विषाणू न विचारता अंगात शिरतो. जीपीएलचा कोड कुणीतरी स्वतः उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये घालतो. नुसत्या वापराने काहीच चिकटत नाही. जीसीसी या जीपीएलवाल्या कम्पायलरने (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाने) तयार केलेला तुमचा प्रोग्रॅम तुमचाच राहतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या प्रोग्रॅमना तिच्या कर्नेलचा, म्हणजे गाभ्याचा, जीपीएल परवाना लागू होत नाही, हे कर्नेलच्या परवान्यासोबतच लिहून ठेवलंय. मी पूर्वी होतो त्या कंपनीत ‘जीपीएल वर्ज्य’ असा नियम होता आणि आम्ही सगळे दिवसभर गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) वापरायचो. गिट जीपीएलच आहे. त्या नियमाने कुणाचं रक्षण झालं नाही, फक्त भीती पसरली. देवनागरीचंच पाहा ना. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉण्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉण्ट ज्या ओएफएल या फॉण्टसाठीच्या परवान्याखाली आहेत, तोही कॉपीलेफ्टच. फॉण्ट बदलून वाटलात तर तो त्याच परवान्याखाली द्यायचा; पण त्यात छापलेली लग्नपत्रिका किंवा पुस्तक मोकळं करावं लागत नाही.

‘सगळा कोड जगाला’ हेही तसं नाही. कोड कंपनीच्या आत बदलून वापरलात तर कुणालाच काही द्यायचं नाही. प्रोग्रॅम बाहेर दिलात आणि सोबतच सोर्स दिलात, तर ज्याला दिलात त्याच्यापाशी जबाबदारी संपते. तो पुढे वाटू शकतो, हे खरं. पण किंमत घ्यायला बंदी नाही. आणि चुकून जीपीएल कोड आत गेलाच, तर तो काढून टाकता येतो. झालेल्या उल्लंघनाचा हिशोब द्यावा लागेल, पण तुमचा कोड आपोआप उघडा होत नाही. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने सिटकॉम कंपनीला मनाई केली, ती जीपीएलच्या अटी न पाळता सॉफ्टवेअर वाटायला.

आता स्वातंत्र्य. माझा खरा वाद इथे आहे, कारण कुणाचं स्वातंत्र्य हे तो मजकूर सांगतच नाही. मिनिक्स ३ (एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) बीएसडी परवान्याखाली आहे. इंटेलने ते आपल्या प्रोसेसरसोबतच्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये, म्हणजे मुख्य प्रोसेसरपासून वेगळ्या चालणाऱ्या छोट्या संगणकात, घातलं. ते कळल्यावर, २०१७ मध्ये, मूळ लेखक अँड्र्यू टॅननबाउम यांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं. त्यांची तक्रार नव्हती, फक्त आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणणं होतं. इंटेलला पूर्ण मोकळीक मिळाली. पण ज्याच्या टेबलावर तो संगणक आहे, त्याला ते मिनिक्स उघडून बदलता येत नाही.

याच्या शेजारी लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी ठेवा, दोन अँटेनांचा तो निळा-काळा राउटर. २००३ मध्ये त्याच्या फर्मवेअरमध्ये (आत बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिनक्स असल्याचं लोकांनी शोधून काढलं. परवान्यामुळे कंपनीला सोर्स द्यावा लागला, आणि त्याच कोडवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त फर्मवेअर उभं राहिलं. पुढे पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स काढलं, मेमरी १६ एमबीवरून ८ वर आणली. पण बदलता येणारा राउटर लोकांना हवाच होता, म्हणून लिनक्सवाला राउटर डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने वेगळा विकायला काढावा लागला. ग्राहकाला स्वतःच्या वस्तूवर हक्क मिळाला, तो कॉपीलेफ्टमुळे.

धंद्याबद्दल फार बोलायची गरज नाही. लिनक्सवर उभ्या राहिलेल्या रेड हॅट कंपनीला आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतलं.

एमआयटी-बीएसडी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. एखादा फॉरमॅट सगळीकडे रुजवायचा असेल तर सैल परवानाच हवा. एमपी३शी टक्कर देणाऱ्या ऑग व्हॉर्बिस या आवाजाच्या फॉरमॅटच्या लायब्ररीचा (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडायच्या तयार कोडचा) परवाना बीएसडीसारखा केला, तेव्हा खुद्द जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला पाठिंबा दिला होता. कॉपीलेफ्टची एक फटही मान्य आहे: सर्व्हरवर चालवून नुसती सेवा विकली तर साधी जीपीएल लागू पडत नाही. त्यासाठीच २००७ मध्ये एजीपीएलची, म्हणजे सेवा वापरणाऱ्यालाही सोर्स द्यायला लावणाऱ्या परवान्याची, तिसरी आवृत्ती आली. तेव्हा पुढच्या प्रकल्पाला परवाना निवडताना, तुमचा कोड शेवटी कुणाच्या हातात, कुठल्या डब्यातून पोचणार आहे, ते आधी कागदावर लिहा.