रात्रीची बाई नुसती 'सोबतीला' नसते

शेवटच्या दिवसांतल्या माणसाला घरीच ठेवावं, हे तुमच्याकडच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण त्यात रात्री पेशंटजवळ ठेवायच्या बाईला नुसतं 'सोबत' म्हटलंय, ते खटकलं. मी पुण्यात ब्युरोतर्फे, म्हणजे घरोघरी पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या एजन्सीतर्फे, रात्रपाळी करते, बहुतेक कॅन्सरचे पेशंट. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते आणि बघता बघता जखम. ओल्या गॉजने तोंड पुसायचं, ओठांना व्हॅसलीन.

खरी कसोटी पहाटे. शेवटी शेवटी घशात घरघर सुरू होते आणि घरचे ॲम्ब्युलन्स बोलवायला धावतात. लाळ गिळता येत नाही म्हणून तो आवाज येतो. कुशीवर वळवून डोकं जरा उंच केलं की बऱ्याचदा कमी होतो. पेशंटला त्याचा बहुधा त्रास नसतो, पण हे माझ्या तोंडून कुणाला पटत नाही, डॉक्टरांनाच फोन लावून द्यावा लागतो. आणि गुंगीत असलेल्या माणसाला पेज भरवू नका हो! 'पोटात काही नाही' म्हणून चमचा पुढे करतात, ठसका लागला की मग मला हाका.

मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनांवरचं औषध, द्यायला घाबरू नये, हे लेखातलं बरोबर आहे. २०१४ साली ते मिळण्याचा कायदा सोपा झाला, तरी घरोघरी 'सवय लागेल' हीच भीती. साधी गोळी चार तासांची, दुखायची वाट न बघता वेळेवर द्यायची. सोबत पोट साफ व्हायचं औषध हवंच, तेच नेमकं विसरतात.

ब्युरोच्या कमिशनवरही लिहा कधीतरी. पेशंट गेला की आमचं काम त्याच दिवशी सुटतं, पुढचं घर मिळेपर्यंत बिनपगारी.