घोड्यावर हातपाय गाळून

गेल्या रविवारी सकाळी एका नऊ वर्षांच्या मुलीने माझ्या हेल्मेटचं बक्कल काढून दिलं. मी पंचेचाळीस वर्षांची आहे. दोन मुलांची बक्कलं, बटणं आणि गाठी बसलेल्या नाड्या सोडवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. पण त्या सकाळी माझी दहा बोटं म्हणजे हातांच्या टोकाला खोचलेल्या दहा मेणबत्त्या होत्या. दिसायला व्यवस्थित, उपयोग शून्य. मुलीने आधी "मान वर करा" असा हुकूम सोडला, मग जिभेचं टोक बाहेर काढून एकाग्र झाली, कट्‌कन बक्कल उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "आजी, तुम्ही रडताय?"

गार वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं, हे मी तिला समजावलं. 'आजी'चं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

त्याआधीचं थोडक्यात सांगते. पारा 4 अंशांवर, रिंगणात तासभर दुडकी चाल, आणि तास संपल्यावर उतरायची वेळ. रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या लोखंडी कडीतून, पाय निघालेत की नाही हे मला खाली वाकून बघावं लागलं. मग खोगिरावरून घसरले. पाय जमिनीला लागले असावेत, कारण घसरणं थांबलं. पण ती बातमी वरपर्यंत पोचलीच नाही. गुडघ्यांनी परस्पर निर्णय घेतला आणि मी घोड्याच्या पुढच्या पायांशी फतकल मारून बसले. घोड्याने मान वळवून नीट निरखून पाहिलं. मोतद्दाराने नजर दुसरीकडे वळवली. दोघांत घोडा जास्त प्रामाणिक.

आणि मग काका आले.

काका म्हणजे त्या मुलीचे आजोबा. (म्हणजे मुलीच्या हिशेबात ते आणि मी एकाच पिढीतले. असो.) दर रविवारी ते नातीला घेऊन येतात आणि कुंपणाशी उभे राहतात. कानटोपी, मफलर, गुडघ्यापर्यंत कोट, आणि हातांत ते अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकाच पिशवीत राहणारे लोकरीचे मोजे. तेही खिशात. सल्ला देणाऱ्या माणसाचे हात नेहमी खिशातच का असतात, हे मला एकदा कुणीतरी सांगावं.

"थंडी वाजते का, ताई?"

मी जमिनीवर बसलेली. ओठ निळे. यावर काय उत्तर असतं?

"थोडी."

"थंडी अशी काही नसतेच. ती डोक्यात असते."

"डोकं ठीक आहे, काका. डोक्यावर हेल्मेट आहे. थंडी पायांत आहे."

"तेच म्हणतोय मी! गार पडतात पाय. पण ठरवतं कोण? डोकं!"

चीड अशी की यात तथ्य आहे. शरीराला थंडी जाणवली की मेंदू हुकूम सोडतो, हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरम रक्त हृदय, फुप्फुसं, यकृत अशा खाशा मंडळींसाठी राखून ठेवलं जातं. काटकसर सुरू झाली की आधी लांबच्या नातेवाइकांचं येणंजाणं बंद होतं, तसं. पायाची करंगळी ही माझी सगळ्यात लांबची नातेवाईक. तिचा पाऊण तासापूर्वीच काटा काढला गेला होता. पण हे काकांच्या तोंडून, तेही वरून खाली बघत ऐकायचं?

"आता त्या घोड्याकडे बघा. त्याने काय घातलंय?"

"काही नाही."

"मोजे?"

"नाही, काका."

"मग?"

'मग?' विचारल्यावर उत्तराची वाट पाहायची काकांची पद्धत नाही, म्हणून मनातलं उत्तर इथे लिहिते. काका, घोड्याच्या अंगाचं तापमानच मुळात साडेसदतीस ते साडेअडतीस. आपल्याला असतं तर आपण रजा टाकली असती. त्यात हिवाळ्यात त्याला दाट केस येतात, ते थंडीत ताठ उभे राहतात आणि त्यांच्यात हवेचा थर अडकतो. आपल्याही अंगावर काटा येतो, पण तो नुसताच शहारा, पांघरूण नसलेला. त्याच्या आतड्यात दिवसभर गवत आंबत असतं, म्हणजे पोटातच भट्टी. गुडघ्याखाली त्याला जवळजवळ स्नायूच नाहीत, सगळी हाडं आणि कंडरा, त्यामुळे गारठून बंद पडेल असं तिथे फारसं काही नाहीच. शिवाय, काका, चालतोय तो. मी बसलेय. सगळा घोळ तिथेच आहे. चालणाऱ्याला ऊब मिळते आणि बसणाऱ्याला वारा. दुडक्या चालीत घोडा ताशी 12-13 किलोमीटरने जातो, म्हणजे हवा स्तब्ध असली तरी माझ्या अंगावर तेवढा वारा फुकटात.

यातलं मी काही बोलले नाही. जबडा हलत नव्हता.

"बरं, मोजे किती घातलेत?"

"दोन जोड."

काकांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेनंतर कुणीतरी अखेर चुकीचं उत्तर दिलं होतं.

"चूक, ताई! साफ चूक! एकच घालायचा. लोकरीचा. बोटं आत हलली पाहिजेत!"

आणि इथेही ते बरोबर होते. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की उबेला लागणारी हवाच चेपून बाहेर जाते, वर पायही आवळला जातो, आणि जे चमचाभर रक्त यायला तयार असतं तेही दारातून परत फिरतं. सुती मोजा तर घाम पिऊन बसतो. लोकर ओलसर झाली तरी थोडीफार ऊब धरते. मी सकाळी अंधारात, मोठी हुशारी केल्यासारखी, सुतीवर सुती चढवला होता. खोगीरभरती म्हणतात ती हीच.

"तुम्ही बसलात का कधी घोड्यावर?" मी विचारलं. शेवटचं हत्यार म्हणून.

"छे छे! मला उंचीचा त्रास आहे."

उंटावरचा शहाणा निदान उंटावर चढलेला तरी असतो.

खरं तर माझा राग काकांवर नाही. (आहे. पण सगळा नाही.) तो रिकिबीवर आहे. खोगिराचं चामडं आणि रिकिबीचं लोखंड, दोन्ही रात्रभर एकाच खोलीत, एकाच खुंटीवर. तापमापक लावला तर दोघांचा आकडा सारखा. पण लोखंड उष्णता भराभर वाहून नेतं, म्हणून ते तळव्यातून तासभर ऊब ओढत राहतं आणि थंड वाऱ्याला वाटत बसतं. प्राचीन ग्रीक स्वारांना रिकीब माहीतच नव्हती. पाय मोकळे लोंबत, घोड्याच्या उबदार पोटाला टेकलेले. मग इसवी सनाच्या चौथ्या शतकात चीनमध्ये दोन्ही पायांच्या रिकिबी दिसायला लागतात आणि तिथून त्या जगभर पसरतात. रिकिबीने लढायांचा नूर पालटला म्हणतात. पालटला असेल. त्या लढाया जिंकणाऱ्यांच्या पायाची बोटं कशी होती, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि बूट! स्वारीचे बूट कुणी बनवले असतील तर त्या माणसाने स्वार फक्त लांबून आणि उन्हाळ्यात पाहिलेला असणार. अरुंद चवडा, पातळ तळ, पोटरीला घट्ट चिकटलेलं चामडं. दिसतं राजबिंडं. जाड अस्तराचा ऐसपैस बूट घालावा, तर तो रिकिबीत अडकायची भीती. बुटाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा हवीच, नाहीतर पडताना पाय अडकून घोड्यामागे फरफट. म्हणजे पाय गोठवून घ्या किंवा अडकवून घ्या, निवड तुमची. बायकांच्या मापात तर अजून मजा. आमचे हातमोजे 'नाजूक' असतात. नाजूक म्हणजे पातळ. थंडी बाईचा हात बघून हळूच शिरते, अशी त्यांची समजूत असावी. उलट माझा अनुभव असा आहे की माझे हात नवऱ्याच्या आधी पंधरा मिनिटं गारठतात. हे मी विनोद म्हणून लिहीत नाहीये.

हातमोज्यावरून आठवलं. काकांनी मोठ्या मनाने आपले ते पिशवीवाले मोजे खिशातून काढून पुढे केले होते.

"हे घालत जा. चारही बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. कुटुंबासारखं."

"यात लगाम कसा धरू? लगाम करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधून जातो, काका."

"लगाम कशाला धरायचा? घोडा शिकलेलाच आहे की."

मी हात टेकले. शब्दशः, जमिनीवर.

आमचे सर रिंगणाच्या मधोमध, फुगीर जाकिटात उभे राहून तासभर ओरडत होते: "टाचा खाली! बोटं मऊ! स्पंज पिळतोय असं समजा!" टाच खाली म्हणजे सगळा भार चवड्यावर, चवडा लोखंडावर. आणि बोटं मऊ? सर, सकाळी खोगीर चढवताना बिट, म्हणजे लगामाचा तोंडातला लोखंडी तुकडा, कोणी गरम केलं? गार लोखंड घोड्याच्या तोंडात घालू नये म्हणून ते मी उघड्या तळहातांत पाच मिनिटं धरून ठेवलं. घालूच नये, मला मान्य आहे, मुकं जनावर आहे. पण माझी शिल्लक ऊब तास सुरू व्हायच्या आधीच घोड्याच्या जिभेवर जमा झाली, आणि माझी रिकीब गरम करायला कोणीही आलं नाही. बोलतं जनावर असण्याचा हा तोटा.

उपाय मला सगळे माहीत आहेत, कृपा करून सांगू नका. रिकिबीतून पाय काढून घोटे गोल फिरवायचे. पाय मागेपुढे झुलवायचे. पाच मिनिटं उतरून घोड्याबरोबर चालायचं, हा सगळ्यांत खात्रीचा. एक हात आयाळीखाली सरकवायचा. तिथे मानेशी अशी काही ऊब असते की हात काढवत नाही. पण एकामागे एक सात घोडे ओळीने दुडकत असताना "थांबा, मला जरा आयाळीत हात घालायचाय" म्हणून बघा. मी म्हटलं होतं. सर म्हणाले, "ते नंतर."

नंतर म्हणजे बाकावर. मुलीने एका हाताला धरलं, काकांनी दुसऱ्या, आणि मला मिरवत बाकापर्यंत आणलं. बूट ओढायलाही मुलगीच. आता एक कबुली देते: त्या दिवशी माझ्याकडे गुप्त शस्त्र होतं. दोन्ही बुटांत, बोटांखाली, मी ऊब देणारी पाकिटं घातली होती. आत लोखंडाची भुकटी असते. हवा लागली की ती गंजते आणि गंजताना तापते. लोखंडाने छळलं, लोखंडच तारेल, असा माझा हिशेब. पण तासभर पाकिटं गार ढिम्म. फसवले गेले म्हणून मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते.

बूट निघाले. पायांत रक्त परत यायला लागलं आणि त्याबरोबर अशा कळा सुरू झाल्या की आता मात्र मी खरोखर रडत होते. मुलीने ते बरोबर ओळखलं. आणि तेवढ्यात मोज्यांवर चिकटलेली ती पाकिटं हळूहळू कोमट, मग गरम, मग चांगलीच गरम झाली. घट्ट बुटात त्यांना हवाच मिळाली नव्हती. दोन मोज्यांच्या वर, ठासून भरलेल्या चामड्यात, ती बिचारी श्वास कोंडून बसली होती. आता मोकळ्यावर आली आणि कामाला लागली.

काकांनी वाकून एक पाकीट उचललं. उलटसुलट केलं. मग दुसरं उचललं. मग आपले लोकरीचे मोजे काढले, दोन्ही पाकिटं तळहातांत धरली आणि डोळे मिटून म्हणाले,

"वा! हे बेस्ट आहे हं, ताई. मघापासून माझे हात अगदी गार पडले होते."