सापाच्या पेटीत सीडरचा भुसा: एका फिरत्या दाव्याला उत्तर

साप पाळणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: साप रानात लाकूड-पाचोळ्यातच राहतो, म्हणून लाकडाचा कुठलाही भुसा त्याला चालतो. त्यातही सीडर या सुगंधी लाकडाचा सर्वांत चांगला, कारण त्याच्या वासाने माइट (सापाचं रक्त पिणारे गोचिडीसारखे बारीक परजीवी) पळतात, पेटीला दुर्गंधी येत नाही आणि तो कोरडा असल्याने खवले कुजत नाहीत. शेवटी हमखास एक पुस्ती: 'आमचा साप वर्षानुवर्षं यावरच आहे, काही झालं नाही.' ऐकायला सगळं पटतं. एकेक मुद्दा तपासला की फक्त एकात थोडं तथ्य उरतं.

'नैसर्गिक आहे, म्हणून सुरक्षित'

सीडरचा सुवास ही त्या झाडाची स्वसंरक्षणाची सोय आहे. लाकडातली उडून जाणारी तेलं बुरशीला आणि किडींना लांब ठेवतात, म्हणूनच ते लाकूड लवकर कुजत नाही. ही तेलं नैसर्गिक आहेत यात वाद नाही. पण ती झाडाने विषासारखी वापरण्यासाठीच बनवलेली आहेत. वेस्टर्न रेड सीडरच्या धुळीतल्या प्लिकॅटिक आम्लामुळे लाकूडकाम करणाऱ्या माणसांना दमा जडतो, हे वैद्यकात चांगलं माहीत आहे. (पाकिटावर 'सीडर' छापलेलं असलं तरी आत बहुतेकदा ज्युनिपर किंवा थुजा या दुसऱ्या झाडांचं लाकूड असतं. आपल्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही, तेलं सगळ्यांतच आहेत.)

रानातला साप ओंडक्याखाली शिरतो, हे खरं. तो ओंडका ऊन-पावसाने झिजलेला असतो, भोवती मोकळी हवा असते आणि सापाला नको वाटलं तर तो सरळ निघून जातो. पेटीत तेच लाकूड पातळ सोलून टाकलेलं असतं, त्यामुळे तेल उडायला पृष्ठभाग कितीतरी वाढतो. खालून हीट मॅटची ऊब, वरून झाकण, आणि सापाची नाकपुडी दिवसरात्र त्या थराला लागून. बहुतेक सापांचं डावं फुप्फुस नावापुरतंच असतं. बोआ आणि पायथनमध्ये ते दिसतं, पण उजव्यापेक्षा लहान. शिवाय सापाला श्वासपटल नाही, त्यामुळे आपल्यासारखं जोरात खोकून श्वासनलिका मोकळी करणं त्याला जमत नाही. बारीक धूळ किंवा चिकट स्राव आत साचला की साचतोच.

यकृताचा प्रश्न वेगळा. 1967 साली औषधशास्त्रज्ञ एलियट व्हेसेल यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं की रेड सीडरच्या भुशावर ठेवलेल्या लहान-मोठ्या उंदरांच्या यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम (विकरं) वाढतात, आणि झोपेच्या औषधाचा परिणाम लवकर ओसरतो. म्हणजे नुसत्या अंथरुणामुळे यकृत जादा कामाला लागलं होतं. हा पुरावा उंदरांसारख्या कृंतकांवरचा (कुरतडणाऱ्या प्राण्यांवरचा) आहे, सापांवरचा नाही, हे मान्य. पण प्रयोगशाळांनीही आपल्या प्राण्यांसाठी सीडर टाळायचं ठरवलं, तर आपण सापासाठी कशाच्या भरवशावर उलटं ठरवायचं?

'वासाने माइट पळतात'

हा दावा सगळ्यांत जास्त नुकसान करतो, कारण माणूस निर्धास्त होतो. सापावरचा माइट, ओफिओनिसस नॅट्रिसिस, खवल्यांच्या फटीत, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली बसून रक्त पितो. अंडी मात्र तो सापाच्या अंगावर घालत नाही. मादी खाली उतरते आणि अंधाऱ्या, दमट खाचा शोधते. उबेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. आता विचार करा, सैल भुशाचा जाड थर म्हणजे तिच्यासाठी काय सोय आहे.

वास इतका तीव्र ठेवला की माइट खरोखर मरतील, तर त्याच हवेत अखंड श्वास घेणारा साप सुटेल कसा? आणि तितका तीव्र नसेल तर माइट जातच नाहीत. ते फक्त भुशात दिसेनासे होतात. पाण्याच्या भांड्यात साप तासन्तास बसून राहायला लागला, भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसले, की माइटचा संशय घ्यावा. तेव्हा करायचं ते नेमकं उलटं: सगळं अंथरूण काढून फेकायचं, पेटी घासून धुवायची, पांढरा पेपर टॉवेल घालायचा, म्हणजे ठिपका लगेच नजरेत येतो. औषध प्राण्यांच्या डॉक्टरला विचारून.

'दुर्गंधी येत नाही'

येत नाही, कारण ती झाकली जाते. साप नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ मुख्यतः युरिक आम्लाच्या पांढऱ्या गोळ्यांच्या रूपात टाकतो, म्हणून स्वच्छ पेटीला फारसा वास येत नाहीच. वास यायला लागला याचा अर्थ घाण कुठेतरी राहून गेलीय आणि जिवाणू वाढतायत. ही सूचना आपल्या नाकापर्यंत पोहोचायलाच हवी. शिवाय साप जिभेने हवेतले कण टिपतो आणि टाळूतल्या जेकबसन अवयवाने ओळखतो. सीडरच्या दर्पात त्याला भक्ष्याचा माग तरी कसा लागणार?

'कोरडं अंथरूण, म्हणून खवले कुजत नाहीत'

तथ्य इथे आहे. ओल्या आणि घाणेरड्या थरावर साप पडून राहिला की पोटाखालच्या खवल्यांना फोड येतात, जखमा होतात. पण कोरडेपणा काही सीडरची मक्तेदारी नाही, आणि सगळ्या सापांना कोरडेपणा हवा असतो असंही नाही. बॉल पायथन या पाळीव अजगराला साधारण 60 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. हवा फार कोरडी ठेवली की कात तुकड्यातुकड्यांत निघते, शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं वळं राहून जातं, डोळ्यावरची पारदर्शक टोपी चिकटून बसते. हवेत ओल आणि वरचा थर कोरडा, ही जोडी साधायची असते. त्यासाठी नारळाच्या सोडणाचा भुगा किंवा सायप्रसच्या ढलप्या बऱ्या.

इथे एक चतुर प्रश्न येतो: सायप्रसही ज्युनिपर-थुजाच्याच कुळातला, मग तो कसा चालतो? चालतो, कारण कुळ एक असलं तरी तेलाचं प्रमाण आणि प्रकार वेगळे. पण सायप्रस म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात कधी दुसरं लाकूडही मिसळलेलं असतं. पिशवी उघडताच नाकात उग्र दर्प गेला, तर लेबलापेक्षा नाकावर विश्वास ठेवावा.

'आमच्या सापाला काही झालं नाही'

साप आजार लपवण्यात पटाईत. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकपुडीशी बुडबुडे, घरघर, डोकं वर करून राहणं, ही लक्षणं दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. यकृतावरचा ताण तर बाहेरून दिसतच नाही. एक साप बचावला, एवढंच त्या वाक्यातून कळतं. किती आजारी पडले ते कळत नाही.

मग काय घालायचं? नवा आणलेला, आजारी किंवा माइट असलेला साप पेपर टॉवेलवरच ठेवावा. दिसायला साधा, पण काहीच लपत नाही. कॉर्न स्नेकसारख्या, बिळं करणाऱ्या सापाला अस्पेन या झाडाचा भुसा उत्तम: त्यात सुगंधी तेलं जवळपास नसतात आणि बोगदे ढासळत नाहीत. फक्त तो ओला झाला की बुरशी धरतो, म्हणून पाण्याचं भांडं सांडलं की तेवढा भाग लगेच बदलावा. पाइनबद्दल मतं वेगळी आहेत. भट्टीत वाळवलेल्या पाइनमधली बरीच तेलं उडून जातात, म्हणून तो सीडरइतका वाईट नाही. पण अस्पेन मिळत असताना माझी पसंती त्याला नाही. मक्याच्या कणसाचा भरडा मात्र नको: पाणी शोषून फुगतो, बुरशतो आणि भक्ष्यासोबत पोटात गेला तर अडकतो.

आत्ता पेटीत सीडर असेल तर सापाला हवेशीर डब्यात हलवा आणि भुसा तळापर्यंत काढा. लपण्याच्या लाकडी जागांनाही तो वास लागला असेल तर त्या बदला, आणि पेटी धुऊन, उघडी ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच साप परत आत सोडा.