नाडी, जीभ आणि ऑपरेशनचा धोका : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

माझ्या लेखावर आपण लिहिलंत, ‘चिनी वैद्यकाच्या प्रकृती-चाचणीवरून म्हाताऱ्या माणसाच्या ऑपरेशनचा धोका जोखणं म्हणजे रोग्याच्या जिवाशी खेळ आहे. उद्या आपल्याकडचे नाडीवाले हाच लेख दाखवत फिरतील.’ दोन दिवस हे डोक्यातून जाईना. आपला निम्मा राग रास्त आहे, म्हणून आधी माझी चूक.

‘ची’ (चिनी वैद्यकातली शरीराची ऊर्जा) कमी असणं म्हणजेच फ्रेल्टी (म्हातारपणी शरीराची राखीव ताकद घटणं), असं मी लेखात सरळ लिहून टाकलं होतं. ते वाक्य आता काढलं आहे. बीजिंगचे चिनी वैद्यकाचे प्राध्यापक वांग ची यांनी माणसांच्या नऊ प्रकृती मांडल्या. चीनमधल्या सरकारी आरोग्यसेवेत २०१३पासून पासष्टीपुढच्यांना ३३ प्रश्न विचारून त्यांतली कुठली ते ठरवतात. लवकर थकता का, धाप लागते का, आवाज क्षीण झालाय का, अशा उत्तरांवर ‘ची’ची कमतरता ठरते. आता फ्राइड यांचे २००१चे फ्रेल्टीचे पाच निकष पाहा. नकळत घटलेलं वजन, थकवा, हाताची पकड, चालण्याचा वेग, कमी झालेली हालचाल. थकवा दोन्हीकडे आहे. म्हणजे दोन्ही चाचण्यांचे निकाल काही प्रमाणात जुळणारच, त्यात पुरावा कसला? ऑपरेशननंतर कोणाला न्यूमोनिया झाला, कोण भ्रमात गेलं, कोण स्वतःच्या पायांनी घरी गेलं, याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्या चाचणीला धोक्याचं माप म्हणता येत नाही. फ्रेल्टीचं तसं ताडून पाहिलेलं आहे. २०१०मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या लोकांनी पासष्टीच्या पुढचे ५९४ रुग्ण तपासले, तेव्हा फ्रेल रुग्णांत गुंतागुंती स्पष्टपणे जास्त निघाल्या.

नाडी आणि जिभेवर तर मी आपल्यापेक्षाही कडक आहे. जिभेखालच्या जाड, जांभळ्या शिरा चिनी वैद्यकात ‘रक्त साकळल्याची’ खूण. पण म्हातारपणी त्या कित्येकांच्या तशा होतातच. बीटा ब्लॉकरची (हृदयाचे ठोके मंद करणारी) गोळी चालू असलेल्या आजोबांची नाडी मंद लागणार, त्यावरून प्रकृती काय ठरवायची?

मग हा विषय काढलाच का? त्या प्रश्नांसाठी. मी भूलतज्ज्ञ आहे, ऑपरेशनआधीच्या तपासणीला बसते. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी एक आजी आल्या होत्या, वय ७८. ईसीजी, इको, साखर, सगळं ठीक. मुलगा म्हणाला, ‘आई एकदम ठणठणीत आहे.’ आजींनी पदर सावरायला हात वर केला आणि बांगड्या घसरत थेट कोपरापर्यंत गेल्या. मुलाला बाहेर बसवून विचारलं, ‘आजी, दमायला होतं का हो?’ तेव्हा बोलल्या. दुपारची भाकरी थापताना मध्ये दोनदा बसावं लागतं. खुर्चीतून उठायला सांगितलं, तर दोन्ही हात टेकून उठल्या. ऑपरेशन घाईचं नव्हतं. सर्जनशी बोलून ते सहा आठवडे पुढे ढकललं. आहारात प्रथिनं वाढवली, रोजचं चालणं आणि उठबस लावून दिली.

या आजींना मी एएसए दोन (भूलतज्ज्ञांच्या श्रेणीत ‘सौम्य आजार’) लिहून मोकळी झाले असते. आपल्या फॉर्मवर ‘दमता का?’ हा प्रश्नच नाही! चीनमध्ये तो दरवर्षी विचारण्याची सोय आहे, हेवा वाटतो तो याचा. प्रकृतीच्या नावांचं मला काही नाही. थकव्याचा प्रश्न विचारावा आणि पुढचा निर्णय चालण्याचा वेग, पकड, वजन, स्मरणशक्ती यांवर घ्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणखी एक. चिनी औषधांतलं दानशेन हे मूळ रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढवतं. जिन्कगो, जिनसेंग, लसणाच्या गोळ्या यांनीही रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून त्या ऑपरेशनआधी बंद कराव्या लागतात. आपल्याकडे काढे आणि ‘हर्बल’ कॅप्सूल घरोघरी आहेत, पण ‘औषधं कुठली?’ म्हटलं की कोणी त्यांचं नाव घेत नाही. ती त्यांच्या लेखी औषधं नसतातच. वेगळं विचारावं लागतं. हे मूळ लेखात राहून गेलं होतं, आज रात्री घालते.