पुलाचे वय आणि पुलाची प्रकृती

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की कोल्हापुरात एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. प्रत्येक पुलाला १०० वर्षांची मुदत असते, ती संपलेला पूल धोक्याचा आणि मुदतीतला पूल निर्धोक, आणि पूल कोणत्या वर्षी पडेल हे संगणकालाही सांगता येत नसल्यामुळे तपासणी आणि अंदाजांवरचा खर्च वाया जातो, असे त्याचे म्हणणे आहे. हा संदेश काळजीपोटी पुढे पाठवला जातो, पण त्यातले एकही विधान टिकणारे नाही.

शंभर वर्षे हा आकडा आराखड्याचा आहे. काँक्रीटचा दर्जा, सळ्यांवरचे आवरण आणि अपेक्षित भार ठरवताना अभियंता तो गृहीत धरतो. त्या वर्षी पुलात काही घडते असा त्याचा अर्थ नाही. शिवाजी पुलासारख्या जुन्या दगडी कमानींच्या पुलाला तर हा हिशेब लावताच येत नाही. कमानीत गंजायला सळ्याच नसतात. तिथे पाहायचे ते दरजांतून झिरपणाऱ्या पाण्याने उमटलेले चुन्याचे पांढरे ओघळ, सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप आणि पायाची अवस्था.

मुदतीतला पूल निर्धोक असतो, हे विधान अधिक घातक आहे. अमेरिकेतला सिल्व्हर ब्रिज १९६७ मध्ये कोसळून ४६ जण गेले, तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. तिथली देशव्यापी नियमित पूल-तपासणी त्या अपघातानंतरच सुरू झाली. मिनियापोलिसचा पूल २००७ मध्ये चाळिशीत पडला, कारण त्याच्या काही जोडपट्ट्या मूळ आराखड्यातच पातळ होत्या. उलट बाजूने, ब्रिटिशांचे पूल पक्के होते असे आपण म्हणतो तेव्हा उभे राहिलेलेच पूल मोजतो. महाडजवळ सावित्रीवरचा पूलही ब्रिटिशकालीनच होता आणि तो २०१६ च्या पुरात वाहून गेला.

राहिला अंदाजांचा प्रश्न. पडण्याचे वर्ष सांगणे हे त्यांचे कामच नव्हे. तपासणीत पुलाच्या प्रत्येक भागाला अवस्थेचा क्रमांक दिला जातो; इथे मोठा क्रमांक म्हणजे चांगली अवस्था असे धरू. उदाहरणादाखल, ७ क्रमांकावरच्या १०० स्लॅबपैकी १० स्लॅब दोन तपासण्यांमधल्या दोन वर्षांत ६ वर उतरतात असे नोंदींवरून दिसले, तर पुढच्या तपासणीला ७ वर सुमारे ९० आणि त्यापुढच्या तपासणीला सुमारे ८१ उरतील, असा हिशेब मांडता येतो. त्यातला नेमका कोणता स्लॅब घसरेल हे कळत नाही, पण जिल्ह्याला पाच वर्षांत किती स्लॅबच्या दुरुस्तीची तरतूद लागेल हे कळते, आणि अंदाजपत्रकाला तेवढेच हवे असते. मात्र हा हिशेब नोंदींइतकाच खरा असतो. दुरुस्ती झाली पण नोंदली गेली नाही, तर पूल आपोआप टिकले असे दिसते आणि पुढचे सगळे अंदाज भाबडे होतात. या रीतीवर घ्यायचा खरा आक्षेप हा आहे, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

पुराचा धोका मात्र या हिशेबात जवळजवळ बसत नाही. काँक्रीट वर्षानुवर्षे झिजते, पण खांबाच्या पायाखालची माती एका रात्रीत खरवडून जाऊ शकते. पाणी जोरात असताना खांबापाशी खोल खड्डा पडतो आणि पूर ओसरताना तोच खड्डा सैल गाळाने भरून येतो. त्यामुळे उन्हाळ्यात पात्रात उतरून पाहणाऱ्याला तळ जसाच्या तसा दिसतो, पण त्या गाळात पायाला धरून ठेवण्याची ताकद नसते. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहराने पुलाच्या वयाची चर्चा करण्याऐवजी प्रत्येक खांबापाशी पूर चालू असतानाची तळाची खोली मोजली गेली का, ती पायाच्या मूळ नकाशाशी ताडून पाहिली का, आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर वाहतूक सुरू करण्यापूर्वी ती नोंद कोणी तपासली, हे संबंधित विभागाला लेखी विचारावे.