‘व्यायामाचं व्यसन चांगलंच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नागपुरात फुटाळा-अंबाझरी तलावांवर पहाटे फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : “व्यायाम हे एकमेव चांगलं व्यसन. एकही खाडा नको. रोज घाम गाळणाऱ्याला डिप्रेशन शिवत नाही, त्याला मानसोपचारतज्ज्ञाची गरजच नाही.” पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण तिन्ही गोष्टी चूक आहेत आणि तिसरी तर जिवावर बेतू शकते.

‘चांगलं व्यसन’ ही कल्पना अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ विल्यम ग्लासर यांनी 1976 मध्ये मांडली. 1979 मध्येच क्रीडा मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी तिची दुसरी बाजू दाखवली : पाय दुखावलेला असताना, घर-नोकरी मागे टाकून धावतच राहणारी माणसं. त्याआधी, 1970 मध्ये, संशोधक फ्रेडरिक बेकलंड यांना झोपेच्या अभ्यासासाठी महिनाभर व्यायाम बंद ठेवणारे लोक हवे होते. जवळजवळ रोज व्यायाम करणारे पैसे देऊ केले तरी तयार होईनात! शेवटी आठवड्यातून तीन-चार दिवस करणाऱ्यांवर भागवावं लागलं. त्यांचीही झोप बिघडली, बेचैनी वाढली.

किती तास घाम गाळला यावरून व्यसन ठरत नाही. मॅरेथॉनची तयारी करणारा तासन्‌तास धावूनही ठणठणीत असू शकतो. बघायचं ते हे : पूर्वीइतकं बरं वाटायला व्यायाम वाढवत न्यावा लागतो का? चुकला की चिडचिड, अपराधी वाटणं? कमी करायचं ठरवूनही जमत नाही? मित्र, कुटुंब, काम सुटत चाललंय? डॉक्टरांनी थांबा म्हटलं तरी सुरूच?

खाड्याबद्दल फार बोलायला नको. स्नायू विश्रांतीतच भरून येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, रोजची सक्ती नाही. आणि नागपुरात मे महिन्यात पारा 45 कडे जातो, तेव्हा अंगात ताप असतानाही ‘खाडा नको’ म्हणून धावणं धोक्याचंच.

आता डिप्रेशन. व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी होतात, हे खरंच आहे. पण तो उपचाराला हातभार आहे, कवच नाही. कित्येकदा मन आधीच पोळलेलं असतं आणि माणूस त्यापासून पळण्यासाठी व्यायामात शिरतो. काहींच्या बाबतीत मुळाशी खाण्याचा विकार असतो : खाल्लेला प्रत्येक घास ‘जाळायचा’. खाणं कमी आणि व्यायाम अफाट, अशाने मुलींची पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. आजूबाजूचे मात्र ‘काय शिस्त आहे!’ म्हणून कौतुक करतात. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. अशा माणसाचा गुडघा गेला की एकुलता आधारही जातो. नेमकं तेव्हा त्याला मदत हवी असते, आणि हा मेसेज त्याला सांगतो की तू कमी पडलास.

त्याला ‘आणखी घाम गाळ’ म्हणू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्या. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.