आजीच्या पिशवीतली न उघडलेली बाटली

आज एसटी स्टँडबाहेर भलामोठा फ्लेक्स पाहिला. भव्य मोफत मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर, साहेबांचा वाढदिवस, अकरा फोटो, ‘एकाच दिवशी ३०० शस्त्रक्रियांचा संकल्प’. फेरतपासणीची तारीख मात्र कुठेच नाही. डोळा दुखला तर फोन कुणाला करायचा, तेही नाही. डोकं सणकलंय, म्हणून लिहितोय.

धडगावकडच्या पाड्यावरची एक आजी अशा वेळी हटकून आठवते. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून पांढराफटक झालेला. ऑपरेशन अगदी छान झालं. आठव्या दिवशी आली तेव्हा डोळा लालभडक, आणि पिशवीत थेंबांची बाटली जशीच्या तशी. नातू म्हणाला, “दाबून दाबून बोटं दुखली, पण थेंबच पडत नाही.” त्या बाटलीचं टोक बंद असतं. टोपणाच्या आत एक काटा असतो. टोपण घट्ट पिरगाळून खाली बसवलं की टोकाला भोक पडतं. हे त्या घराला कुणी दाखवलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा घालायचं, सूज उतरवणारं स्टेरॉइड एकदाही डोळ्यात गेलं नव्हतं.

ऑपरेशनचं काय, सरावलेला हात असेल तर दहा मिनिटांचं काम. सहा-साडेसहा मिलिमीटरचा बोगद्यासारखा छेद, टाका नाही, आत लेन्स. खरी मेहनत त्याच्या आधी आणि नंतर असते. गावातल्या तपासणीत टॉर्च चार बाजूंनी धरून ‘उजेड कुठून येतोय?’ विचारावं लागतं. ते सांगता आलं नाही, तर दोष मागच्या पडद्यात किंवा नसेत असू शकतो. मग मोतीबिंदू काढूनही अंधारच. नाकाजवळच्या कोपऱ्यात बोट दाबून पाहावं लागतं. पू आला तर आधी अश्रुपिशवीचा इलाज, ऑपरेशन नंतर. शुगर, बीपी तर आहेच. डोळ्याची लांबी मोजताना बुबुळाला टेकवायचा प्रोब, म्हणजे यंत्राची कांडी, जरा दाबला गेला की माप कमी येतं, आणि एका मिलिमीटरच्या चुकीनं लेन्सचा नंबर अडीच-तीनने चुकतो. ३०० माणसांची रांग लावली की हेच सगळं घाईत उरकलं जातं.

आणि जंतू! ५ टक्क्यांचं पोविडोन आयोडिन हे जंतुनाशक डोळ्यात घालून तीन मिनिटं थांबायचं असतं. तीन म्हणजे तीन. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेनं हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, प्रत्येक फेरीत ते नीट झालं का हे दाखवणारी इंडिकेटर पट्टी हवी. डोळा धुवायच्या सलाइनची एक बाटली दूषित निघाली, तर ती वापरलेल्या प्रत्येक डोळ्याला धोका. म्हणून बाटलीचा बॅच नंबर प्रत्येकाच्या केसपेपरवर लिहायचा. पंजाबात संत नामदेवांच्या घुमानला मोफत शिबिरातच कितीतरी म्हाताऱ्यांची नजर गेल्याचं डिसेंबर २०१४ मध्ये उघड झालं. त्याच्या महिनाभर आधी छत्तीसगडमध्ये बिलासपूरकडे काही तासांत ८३ बायकांची नसबंदी उरकली होती, डझनभर जणी दगावल्या. तरी आकड्यांचा हव्यास सुटत नाही! गरिबाचा डोळा काय फ्लेक्सवर छापायला असतो?

हो, शिबिर नसतं तर आजी आंधळीच राहिली असती. मान्य. सुट्टी टाकून, पदरचा खर्च करून येणाऱ्या सर्जनबद्दल माझ्या मनात आदरच आहे. रात्री दहापर्यंत मायक्रोस्कोपला चिकटलेली माणसं पाहिली आहेत मी. राग त्यांच्यावर नाही. त्यांची गाडी गेल्यावर मागे कोण थांबणार, हे न ठरवता मंडप घालणाऱ्यांवर आहे.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरुवात केली. त्यांची रीत साधी: गावात फक्त तपासणी, ऑपरेशन रुग्णालयातच, नेण्या-आणण्याची बस त्यांची. आपल्याकडेही शाळेच्या वर्गात टेबलं मांडण्यापेक्षा जिल्ह्याच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत जीप करा ना. ती जीप तीनदा लागते. एकदा ऑपरेशनला, एकदा आठवड्याने, एकदा सहाव्या आठवड्यात चष्म्याच्या नंबरसाठी. वर्गणी गोळा करताना तिन्ही फेऱ्यांचं डिझेल धरा. कार्डावर ठळक छापा: दुखलं, लाल झालं, दिसायचं कमी झालं तर त्याच दिवशी फोन. डोळ्यात जंतू शिरले तर उशीर तासांत मोजावा लागतो.

आजीचं नशीब, जंतू नव्हते, नुसती सूज होती. तासातासाला थेंब घातले, चार दिवसांत उतरली. सहाव्या आठवड्यात चष्मा लावून तिनं नातवाच्या शर्टाचं तुटलेलं बटण दाखवलं. पण मधल्या त्या लाल डोळ्याची बातमी पाड्यावर आधीच पोहोचली होती, आणि पुढच्या तपासणीला तिथून एकही माणूस उतरला नाही.

तिचा डावा डोळा अजून राहिलाय. परवा आशाताईंचा निरोप आला, आजी येते म्हणतेय. या वेळी वॉर्डातून निघण्याआधी बाटलीचं टोक नातवाच्याच हातानं फोडून घ्यायचं, आणि पहिला थेंब आमच्यासमोर त्यानेच घालायचा.